मिरज जंक्शनवरून जाणारी लोकर

गुरुपौर्णिमेच्या आधी आमच्या गाण्याच्या क्लासच्या दर्शनी भिंतीवर लावायला आम्ही शास्त्रीय गाण्यातल्या घराण्यांचा, म्हणजे गुरुपरंपरांचा, वृक्ष फ्लेक्सवर छापून आणला. वडाचं झाड, फांद्यांना पानांच्या आकाराच्या चौकटी, चौकटीत फोटो, खाली नाव. छापणाऱ्यानं स्वतःच्या मनानं कोपऱ्यात एक मोर आणि एक वीणाही टाकली होती, त्याचे जादा पैसे मात्र घेतले नाहीत. फ्लेक्स उलगडला तसा ताज्या शाईचा उग्र वास खोलीभर झाला आणि पोरं नाक दाबत खिडकीकडं पळाली. सातवीतली, यंदा मध्यमा प्रथमच्या परीक्षेला बसलेली एक मुलगी तेवढी किराणा घराण्याच्या फांदीसमोर उभी राहिली. "ताई, हिराबाई बडोदेकर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या खाली आहेत. पण वहीत तर आहे की त्या वहीद खाँसाहेबांकडं शिकल्या." मी म्हटलं, अगं, करीम खाँसाहेब त्यांचे वडील. तिनं परत झाडाकडं पाहिलं. "म्हणजे हे झाड घरातल्यांचं आहे की शिकणाऱ्यांचं? घरातल्यांचं असलं तर त्यांची आई कुठंय?"

तेवढ्यात पेढ्यांचे बॉक्स आले आणि झाडासमोर कुणीच उरलं नाही.

मला मात्र तो प्रश्न रात्री भांडी आवरतानाही सोडेना. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. ताराबाई माने, बडोद्याच्या, स्वतः गाणाऱ्या. १९२२ साली पाचही मुलांना घेऊन त्या खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू आणि हिराबाई यांची पुढची तालीम वहीद खाँसाहेबांकडं झाली. गाण्यातल्या लोकांना हे सगळं पाठ असतं, चहाच्या टपरीवरसुद्धा बोललं जातं. पण भिंतीवर लावायचं म्हटलं की कुणाला तरी कुणाच्या तरी खाली टांगावं लागतं, आणि ताराबाईंना टांगायला झाडावर जागाच नसते. त्यांनी घराणं काढलं नाही, त्यांची ध्वनिमुद्रिका कुणी जपून ठेवलेली नाही. त्यांनी फक्त पाच मुलांची घडी पुन्हा बसवली, आणि त्या घडीतून सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई राणे आणि पुढं प्रभाताई अत्रे एवढं गाणं आलं.

मी ज्या क्लासात शिकले तिथं भिंतीवर फार काही नव्हतं. चुना लावलेली भिंत, त्यावर रविवर्म्याच्या सरस्वतीचं वाण्याकडचं कॅलेंडर, वर्ष उलटून गेलं तरी न काढलेलं. एका बाजूला रागांची विभागणी सांगणारा दहा थाटांचा हातानं लिहिलेला तक्ता, ज्यातला पूर्वी आणि मारवा ओल आल्यामुळं एकमेकांत मिसळले होते. आणि वर, छताजवळ, काळ्या चौकटीतले तीन फोटो: विष्णु दिगंबर पलुस्कर, विष्णु नारायण भातखंडे, करीम खाँसाहेब. फोटो पुढं कललेले असत, म्हणजे खाली सतरंजीवर बसलेल्या मुलांना वाटावं की हे तिघं आपल्याकडंच बघताहेत. गवसणीतून काढलेल्या तंबोऱ्याचा जुन्या लाकडाचा वास, उदबत्ती, आणि पेटीचा भाता दाबला की येणारा किंचित कुबट वारा. सरांना शास्त्र शिकवायचा कंटाळा होता. लेखी पेपर जवळ आला की ते जीवनचरित्रं घालून देत आणि आम्ही उतरून घेत असू. जन्म, गुरू, खडतर साधना, आवाजाचं वर्णन, शिष्यपरिवार, निधन. सगळ्यांची साधना खडतर आणि सगळ्यांचा आवाज पल्लेदार. नाव खोडून दुसरं घातलं तरी चाललं असतं, आणि एका मुलानं परीक्षेत ते करून पास होऊन दाखवलं.

त्या तीन फोटोंखाली सहा-सात वर्षं बसूनही मला कळलं नव्हतं की त्यातल्या पहिल्या माणसाला, विष्णु दिगंबरांना, नीट दिसत नव्हतं. म्हणजे 'बालपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली' हे वाक्य मी दहा वेळा लिहिलं होतं. पण कुरुंदवाडचा तो मुलगा डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेला आला, डोळे सुधारले नाहीत आणि म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला बसला. मग याच माणसानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग भरवले, स्वरलिपी तयार केली, ती छापायला छापखाना घातला. ज्याला अक्षर जवळ धरून वाचावं लागत असणार, त्यानं गाणं कागदावर आणलं. हे त्या काळ्या चौकटीत कुठंच नव्हतं.

स्वरलिपी हासुद्धा तक्ताच. गाणं डोळ्यांना दाखवायचा आपल्याकडचा सगळ्यात यशस्वी प्रयोग तोच, आणि त्यातली गंमत वर्गात दर वर्षी होते. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं तर तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला. तार सप्तकाला उभी रेघ. दोन्ही पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की पहिल्या बाकावरचं कुणीतरी ओरडतंच, "असं का केलं त्यांनी? बोलत नव्हते का एकमेकांशी?" मी हसते, पण प्रश्न चुकीचा नाही. दोन विष्णू, एकच काळ, मुंबईत दोघांचाही वावर. एक वकील, पोथ्या आणि उस्ताद धुंडाळून दहा थाटांची मांडणी करणारा, आणि दुसरा गवई, गाण्याला देवळाच्या आणि शाळेच्या दारात नेणारा. त्यांच्यातलं अंतर पानभर लिहून मुलांना समजत नाही. एका टिंबानं समजतं.

चित्रांचं मात्र तसं नाही. चित्र फार चटकन पटतं, हीच त्याची अडचण. तानसेनाचा तास घेताना मी किशनगढ शैलीतलं ते प्रसिद्ध चित्र दाखवते: झाडीत तंबोरा घेऊन बसलेले स्वामी हरिदास, समोर तानसेन, आणि राजेपण बाजूला ठेवून ऐकायला आलेला अकबर. मुलं हरखतात. कॅलेंडरांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर याचीच रूपं त्यांनी पाहिलेली असतात. मग मी सांगते की हे चित्र १७६०च्या सुमाराचं, म्हणजे तानसेनाला जाऊन पावणेदोनशे वर्षं झाल्यावरचं. आणि मग दुसरं दाखवते, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं, अकबराच्याच काळातलं म्हणून ओळखलं जाणारं: साधा, सावळा, एकटा उभा माणूस. ना झाड, ना गुरू, ना दिवे, ना पाऊस. गेल्या वर्षी एक मुलगा फटकन म्हणाला, "हा खरा वाटतो, पण तो चांगलाय." त्याहून नेमकं मला तरी सांगता आलं नसतं. मी दोन्ही लावते, शेजारी शेजारी, खाली साल लिहून. साल लिहिलं नाही तर पोरांच्या डोक्यात चांगलंच राहतं.

हे सगळं डोक्यात असताना फ्लेक्सवरचं झाड मला आणखीनच खटकू लागलं. झाडाला एक बुंधा लागतो आणि प्रत्येक फांदीला एकच उगम. भास्करबुवा बखले यांचं मग काय करायचं? ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँ यांच्याकडची, आग्र्याची नत्थन खाँ यांच्याकडची, आणि वर जयपूरची अल्लादिया खाँसाहेबांची. झाडावर ते ग्वाल्हेरच्या फांदीला लावले होते, कारण तिथं जागा होती. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेत नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरचं शिकून मग अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडं, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडं गेले. वृक्ष काढणाऱ्याला अशी माणसं नकोशी असतात. गाणं ऐकणाऱ्याला हीच हवी असतात.

उपाय एका पोराच्या आजोबांकडून आला. आजोबा रेल्वेत गार्ड होते, मिरजेतून निवृत्त झालेले. नातवाला क्लासला सोडायला यायचे आणि पेटी ऐकत ओसरीवर बसायचे. आमचं झाडाबद्दलचं बोलणं ऐकून एकदा म्हणाले, "तुमची घराणी ही सगळी स्टेशनांची नावं आहेत की हो." खरंच की. ग्वाल्हेर, आग्रा, पतियाळा, जयपूर, अत्रौली, किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातलं कैराना. भेंडीबाजार म्हटल्यावर पोरं हमखास खिदळतात. पुढच्या खेपेला आजोबा रेल्वेचा जुना नकाशा घेऊन आले, घडीच्या जागी सेलोटेप लावलेला, कडा खाल्लेल्या. तो आम्ही सॉफ्टबोर्डवर ठोकला. टाचण्या आणि चार रंगांची लोकर आणली: ग्वाल्हेरला तांबडी, आग्र्याला हिरवी, जयपूरला निळी, किराण्याला पिवळी. नियम एकच, माणूस जिथं शिकला, राहिला, गायला, तिथून दोरा न्यायचा.

पहिली मजा किराण्यानंच केली. कैरान्याला एक टाचणी टोचली, दिल्लीच्या वर, आणि दोरा निघाला तो बडोदा, मिरज, पुणे, मुंबई असा खालीच. मग सवाई गंधर्वांचं कुंदगोळ, गंगूबाई हनगल यांची हुबळी, भीमसेनांचं गदग, पुन्हा पुणे. अर्ध्या तासात नकाशाचा दक्षिणेकडचा कोपरा पिवळाजर्द झाला आणि वर कैरान्याला तो एकटा दोरा. एवढी वर्षं 'किराणा घराण्याची गायकी' लिहून घेतलेल्या मुलांना पहिल्यांदा दिसलं की हे गाणं वाढलं ते कानडी-मराठी मुलखात, आपल्या जवळच्या गाड्यांच्या वाटेवर. आजोबांनी लगेच पुस्ती जोडली की तेव्हा पुणे-मिरज मीटरगेज होतं, आणि इंजिनात पाणी कुठं भरायचे ते सांगत बसले. त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं. मिरजेच्या टाचणीवर मग इतके दोरे आले की ती वाकली: बाळकृष्णबुवा, विष्णु दिगंबर, करीम खाँसाहेब, नीलकंठबुवा, विनायकबुवा पटवर्धन. तिथं शेवटी खिळा मारावा लागला.

भीमसेनांच्या दोऱ्यावरून तर मारामारी झाली, कारण तो सगळ्यांनाच लावायचा होता. १९३३ साली, अकराव्या वर्षी, घरातून पळालेला मुलगा म्हटल्यावर शिक्षकानं काळजीपूर्वक बोलावं लागतं; मागच्या बाकावर डोळे चमकलेले दिसतात. गदगहून निघालेला दोरा ग्वाल्हेरला गेला, कलकत्त्याला गेला, तिथून पार जालंधरला. जालंधरला विनायकबुवांनी त्यांना सांगितलं की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडं शीक. विनायकबुवा कुठले? मिरजेचे. मग जालंधरहून दोरा सगळा देश उतरून परत खाली, कुंदगोळला, गदगपासून शंभर किलोमीटरच्या आत. भिंतीवर हा एवढा मोठा पिवळा वळसा लोंबत राहिला. त्याला ताण देऊन घट्ट करायला एकजण निघाला, तर बाकीच्यांनी करू दिलं नाही.

भास्करबुवांचा प्रश्न मुलींनी सोडवला. तांबडा, हिरवा, निळा असे तीन पेड घेऊन वेणी घातली आणि ती पुण्याला नेऊन भारत गायन समाजाच्या टाचणीला बांधली. मी काही बोललेच नाही.

गोव्यात गेलो तेव्हा आणखी एक अडचण आली. मोगूबाई कुर्डीकरांच्या कुर्डीला टाचणी कुठं लावायची? आजोबांच्या नकाशात ते गाव नव्हतंच, म्हणून एकीनं मोबाइलवर पाहिलं, तर तिथं निळं पाणी. साळावली धरणाच्या पाण्यात गाव गेलं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं तेव्हा जोती, देवळाचे अवशेष वर येतात आणि गावाबाहेर गेलेली माणसं त्या वेळी तिथं परत जमतात. मुलांनी पाण्याचा निळा ठिपका काढून त्यावर टाचणी लावली. दोरा तिथून सांगलीला, म्हणजे आमच्याच गावात. आबासाहेब सांबारे यांच्याकडं औषधपाण्यासाठी आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी इथंच मोगूबाईंचा आवाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. रोज ज्या रस्त्यांवरून सायकली हाणत क्लासला येतो त्या गावात हे झालं, याचं मुलांना भयंकर अप्रूप. 'घराणे: जयपूर-अत्रौली' या शब्दांत सांगली कुठं दिसते?

मी भाबडी नाही. एवढी लोकर लावून कुणाचा षड्ज सुधारत नाही. डोळ्यांना काम मिळालं की कान आळसावतात, हे मी वर्गात रोज पाहते. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा मध्यावर आला की मुलं खूश, स्वर लागला की नाही ते ऐकतच नाहीत. एका जुन्या मित्रानं, स्वतः उत्तम गाणाऱ्यानं, भिंत बघून तोंड वाकडं केलं. त्याचं म्हणणं, आपली विद्या कानामागून कानात आली, तिला भिंत कशाला? त्याला उत्तर देण्याऐवजी मी फोटोंखालचे चौकोन दाखवले. प्रत्येक कार्डाखाली आम्ही क्यूआर कोड चिकटवला आहे, मोबाइल धरला की त्या माणसाचा आवाज. केसरबाई केरकरांच्या कार्डाखालचा कोड सगळ्यात जास्त मळलेला, कारण त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली, आणि त्या सोनेरी तबकडीचं चित्र शेजारी लावलंय. पण अल्लादिया खाँसाहेबांच्या कार्डाखाली चौकोन रिकामा आहे. त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. मुलांना आधी वाटलं, मी विसरले. मग विचारतात, ते कसे गायचे हे कसं कळणार? मी म्हणते, केसरबाई लाव, मग मोगूबाई, मग मन्सूर. तिघांत जे सारखं ऐकू येईल ते धर. बोर्डासमोर उभं राहून डोळे मिटून ऐकणारी पोरं मित्रानं पाहिली. त्याचं मत काही बदललं नाही, पण जाताना स्वतः मन्सूरांचा नट बिहाग शोधून ऐकत बसला.

त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न सगळ्यात शेवटी हाती घेतला. ताराबाईंचं कार्ड तिनंच केलं, फोटोशिवाय, नुसतं नाव, आणि बडोद्याच्या टाचणीजवळ लावलं. दोरा कोणत्या रंगाचा यावर बराच काथ्याकूट झाला, कारण शिष्य नाही, गुरू नाही, आईला रंग कुठला? त्यावर मी त्यांना अंबाबाईंची गोष्ट सांगितली. गंगूबाई हनगल यांच्या आई. कर्नाटक पद्धतीचं उत्तम गाणाऱ्या. करीम खाँसाहेब धारवाडला त्यांचं गाणं ऐकायला यायचे असं सांगतात. मुलगी हिंदुस्थानी शिकू लागली, तेव्हा आपल्या गाण्याचा तिच्या गळ्यावर परिणाम नको म्हणून या बाईंनी स्वतःचं गाणं थांबवलं. १९२८ साली मुलीच्या शिक्षणासाठी सगळं घर हुबळीला हललं. त्यानंतर चार वर्षांनी अंबाबाई गेल्या. पुढं गंगूबाई हुबळीहून गाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं शिकायला जात. घराण्याच्या इतिहासात ही बाई कुठं मांडणार? तिनं किराण्याचा एक स्वर गायलेला नाही, आणि तिनं गाणं बंद केलं नसतं तर पिवळ्या दोऱ्याची ती अख्खी ओळ कशी झाली असती कोण जाणे. मुलं गप्प झाली, मग एकदम सगळी बोलू लागली. कुणी म्हणालं पांढरा. कुणी म्हणालं, दोराच नको, नुसती टाचणी. एका मुलीनं विचारलं, "तिला वाईट वाटलं नसेल?" दुसरी म्हणाली, "माझी आई भरतनाट्यम करायची." शेवटी पांढरा ठरला, आणि अंबाबाईंचा तो धारवाडहून हुबळीपर्यंतच न्यायचा असंही ठरलं.

पालकांपैकी एकांनी विचारलंच की नकाशा परीक्षेला येतो का. नाही येत. परीक्षेला 'किराणा घराण्याची वैशिष्ट्ये लिहा' येतं, आणि ती आम्ही आजही लिहून घेतो, सुरेल आलापी, एकेका स्वराची बढत वगैरे. फ्लेक्ससुद्धा फेकलेला नाही. समोरच्या भिंतीवर मोर-वीणेसकट आहे, पाहुणे त्याच्यासमोरच फोटो काढतात. नकाशाची लोकर सैल होते, पावसाळ्यात टाचण्या गंजतात, लहान मुलं येताजाता दोरे ओढतात. कुमार गंधर्वांचं कार्ड अजून टेबलावरच आहे. मुंबईला देवधर मास्तरांच्या शाळेपर्यंत दोरा गेला, देवासलाही गेला, पण रंगावरून दोन तट पडलेत आणि कुणी माघार घेत नाही.

आणि परवा तबल्याच्या वर्गातला एक आडदांड मुलगा कंबरेवर हात ठेवून नकाशासमोर उभा राहिला. कार्डं मोजत होता बहुतेक. म्हणाला, "ताई, सगळे गवईच? ठेका काय भिंतीनं धरला का यांचा?" थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत होते, खाप्रुमामा पर्वतकर गोव्याचे, हे मी सांगू लागले, तर त्यानं मध्येच थांबवलं. त्याला ते माहीत होतं. त्याला फक्त काळी लोकर हवी होती, आणि ती जाड पाहिजे असं त्यानं बजावून सांगितलं. तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचं काय, असं त्याच्या शेजारचा विचारतोय. त्यांना कुठला रंग द्यायचा आणि मिरजेच्या त्या खिळ्यावर अजून किती दोरे मावतील, हे शनिवारी ठरणार आहे. आजोबांना बोलावलंय.